शेजाऱ्याकडे काही मागताही आले पाहिजे

इंदूरच्या आमच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांमध्ये आजूबाजूच्या समाजाशी नाते कसे वाढवावे हा विषय निघाला, की बोलणे हमखास सेवेच्या उपक्रमांकडे वळते. थंडीत ब्लँकेटे वाटावीत, आरोग्य तपासणीचे शिबिर भरवावे, गरजू मुलांच्या वह्यापुस्तकांची सोय करावी, असे पर्याय पुढे येतात. ही सर्व कामे चांगली आहेत आणि ती झालीच पाहिजेत. परंतु ब्लँकेट घेणारा माणूस त्यामुळे आपला शेजारी होतोच असे नाही, कारण त्या व्यवहारात एकाचा हात कायम वर आणि दुसऱ्याचा कायम खाली असतो. ज्याच्याकडून आपण कधीच काही घेतले नाही, त्याच्याशी आपले नाते जडले आहे असे म्हणणे मला अवघड वाटते.

देण्याची ही सवय आपल्याला वारशाने मिळाली आहे. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने होळकरांच्या या शहरात १८८७ साली इंदूर ख्रिश्चन कॉलेज सुरू केले आणि पुढे किशोरकुमार तिथे शिकले, ही गोष्ट इंदूरकर आजही अभिमानाने सांगतात. शाळा, दवाखाने आणि वसतिगृहे यांचा तो वारसा मोलाचा आहेच. मात्र त्याच्या छायेत वाढलेल्या आपल्या पिढ्यांना मागण्याचा संकोच वाटू लागला, असे मला राहून राहून वाटते.

प्रभू येशूला हा संकोच नव्हता. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात तो भर दुपारी थकून याकोबाच्या विहिरीवर बसतो आणि पाण्याला आलेल्या शोमरोनी स्त्रीशी त्याचे बोलणे सुरू होते ते पाणी मागण्यापासून. यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत, त्यामुळे ती चकित होते. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान असलेले महू आमच्या शहराच्या अगदी जवळ आहे आणि १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे, तेव्हा कोणी कोणाच्या हातचे पाणी प्यावे या प्रश्नाचे वजन आपल्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सार्वकालिक जीवनाच्या पाण्याविषयी येशू त्या स्त्रीशी बोलला, पण ते नंतर. यरीहोत उंबराच्या झाडावर चढून बसलेल्या जक्कयालाही त्याने उपदेश केला नाही. आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे, असे त्याने सांगितले आणि तो त्याचा पाहुणा झाला.

पाहुणे होण्यात खरी अडचण येते ती सणावारी. गणपतीच्या दिवसांत शेजारून प्रसाद आला तर काय करावे, यावर आपल्या मंडळीत एकमत नाही, आणि पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दहावा अध्याय दोन्ही बाजूंचे लोक पुढे करतात. समोर वाढलेले शंका न काढता खावे असे तो तिथे म्हणतो, आणि हे मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी सांगितल्यास सांगणाऱ्याच्या सद्सद्विवेकबुद्धीसाठी खाऊ नये असेही म्हणतो. माझे मत असे आहे, की डबा ठेवून घेऊन तो गुपचूप दुसऱ्या कोणाला देण्यापेक्षा, आपल्याला काय चालते आणि का, हे शेजाऱ्यांना समोर बसून सांगावे. आमच्या घरी आईने शेजारच्या काकूंना तसे सांगितले होते. काकूंना वाईट वाटेल अशी आम्हा सर्वांना धास्ती होती. पुढच्या चतुर्थीला काकू स्वतः डबा घेऊन आल्या. केळीच्या पानाच्या तुकड्यावर उकडीचे पाच मोदक होते, त्यांवर तुपाची धार होती आणि ते अजून कढत होते. नैवेद्य दाखवण्याआधीच हे बाजूला काढले आहेत, निःशंक मनाने खा, असे त्या म्हणाल्या. ज्या घरात देवाला दाखवल्याशिवाय कोणी मोदकाला हात लावत नाही, त्या घरातील बाईने आमच्यासाठी स्वतःचा नेम मोडला होता. आमच्या नाताळच्या करंज्या आणि केक वर्षानुवर्षे त्यांच्याकडे जात होते, परंतु दोन्ही घरांचा घरोबा सुरू झाला तो त्या मोदकांपासून.

मध्य प्रदेशात धर्मांतरासंबंधीचा कायदा १९६८ पासून आहे आणि २०२१ मध्ये त्याच्या जागी नवा, अधिक कडक कायदा आला. अशा वातावरणात आपल्या प्रत्येक चांगुलपणामागे काही हेतू असेल, अशी शंका शेजाऱ्याच्या मनात येऊ शकते. त्यावर रागावण्यात अर्थ नाही आणि विश्वास लपवून तर मुळीच चालणार नाही. कोणी विचारले तर मी ख्रिस्ताविषयी मोकळेपणाने बोलतो, परंतु ते बोलणे व्हावे म्हणून मैत्री करणे मला पटत नाही, कारण तशा मैत्रीत समोरचा माणूस आपल्याला हवाच नसतो.

सिस्टर राणी मारिया यांचे स्मरण इथे केल्याशिवाय राहवत नाही. केरळमधून आलेल्या या कॅथलिक जोगिणीने देवास जिल्ह्यातील उदयनगर परिसरात सावकारी पाशात अडकलेल्या गरीब शेतकऱ्यांमध्ये काम केले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसप्रवासात त्यांची हत्या झाली, आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले. त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, २००२ मध्ये रक्षाबंधनाच्या दिवशी तुरुंगात गेली आणि तिने मारेकऱ्याला राखी बांधली. या घटनेतील क्षमेविषयी पुष्कळ बोलले जाते, ते योग्यच आहे. मला मात्र राखीचा अधिक विचार करावासा वाटतो. राखी बांधणारी बहीण भावाकडे आधार मागते. जो केवळ अपराधी होता, त्याच्याकडेही देण्यासारखे काही आहे असे तिने मानले, आणि तेही त्याच्याच मातीतल्या रिवाजाने.

आमच्या कॉलनीतील गणेश मंडळाच्या मुलांकडे सतरंज्या, दिव्यांच्या माळा आणि लाऊडस्पीकर आहेत. नाताळच्या भजनसंध्येसाठी आम्ही हे सर्व दरवर्षी बाजारातून भाड्याने आणतो. यंदा पाळकांनी आणि पंचमंडळींनी त्या मुलांच्या घरी जाऊन ते मागून आणावे आणि माळा लावायलाही त्यांनाच बोलवावे, असे मी सुचवले आहे. काहींना ते कमीपणाचे वाटते. पुढच्या बैठकीत निर्णय व्हायचा आहे, आणि मी माझ्या म्हणण्यावर ठाम राहणार आहे.