खिडक्यांचं घर

१६ मे २०२५

सकाळी चहाबरोबर फोन उघडला आणि अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातलं नॉटोवे नावाचं जुनं, मोठं घर जळाल्याची बातमी दिसली. काल दुपारी आग लागली. माणसं सुखरूप, घर मात्र गेलं.

ह्यूस्टनहून लुइझियानाला गाडीनं पाच तास. दोन-तीन वर्षांपूर्वी आई आली होती, तेव्हा एक रात्र तिथे राहिलो होतो. मिसिसिपीच्या बांधाला लागून ग्रीक देवळासारखी पांढरी खांबांची रांग, त्यात थोडी इटालियन भर. १८५९मध्ये उसाच्या मळ्याचा मालक जॉन रँडॉल्फ यानं बांधलेलं, ६४ खोल्यांचं घर. अलीकडे त्याचं हॉटेल झालेलं, लग्नंही लागायची. नाचाचा हॉल भिंतीपासून जमिनीपर्यंत पांढरा. आईनं दारातच चपला काढल्या, नको म्हटलं तरी.

दारं-खिडक्या मिळून ३६५, हे ऐकल्यावर ती हळूच म्हणाली, "पुसायला किती बायका लागत असतील गं?"

मी हसले. उत्तर घरी येऊन वाचलं. १८६०च्या नोंदीत रँडॉल्फच्या नावावर १५५ गुलाम होते. त्यांच्याच राबण्यातून ऊस, उसातून साखर, साखरेतून हे खांब. तिथे असताना त्यांच्याबद्दल मी कोणाला काही विचारलं नव्हतं. पलंग किती उंच, पडदे किती जुने, हे मात्र सगळं विचारून झालं.

आमचं गाव इस्लामपूरजवळ, त्यामुळे आईचं लक्ष घरापेक्षा शेतांवर जास्त. नोव्हेंबर होता, तिथलाही गळीत हंगाम. यंत्र सरळ सरीतून कांड्या पाडत पुढे जायचं आणि दूर कुठेतरी पाला पेटवल्याचा वास. "कोयता नाही, टोळी नाही, बैलगाडी नाही," ती गॅलरीत उभी राहून मोजत होती. "आणि ऊस बारकाच आहे हो इथला."

आज दिवसभर लोकांचं चाललंय. कुणी आनंदानं नाचतंय, कुणी आपल्या लग्नाचे फोटो टाकून रडतंय. मला दोन्ही जमेना. आमच्याकडेही एक फोटो आहे, खांबाला टेकलेली आई, पायात मोजे, हातात चपला.

संध्याकाळी तिला फोन केला. तिकडे सकाळ, मागे कुकरची शिट्टी. "आई, ते पांढरं घर जळालं गं."

"कुठलं, खिडक्यांचं?" थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "आणि ऊस?"