तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रंथालयात नेमकं कधी यायचं?

"सगळं तर आता ऑनलाइन मिळतं. मग आम्ही शिकवणाऱ्यांनी ग्रंथालयात नेमकं कधी यायचं?" नुकतेच रुजू झालेले प्राध्यापक हे विचारतात, आणि विभागात मुरलेलेही विचारतात. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात संदर्भ विभाग सांभाळते. माझं उत्तर ठरलेलं आहे: आत्ता येता त्याच्या बरंच आधी या.

बहुतेक जण येतात ते काम उरकत आल्यावर. निबंध लिहून झालेला असतो, संदर्भसूची तेवढी नीट लावून हवी असते. ते आम्ही करतो, मनापासून करतो. पण आमचा खरा उपयोग होतो तो विषय अजून कच्चा असताना.

संदर्भ शोधायचंच घ्या. समजा, हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णांना येणाऱ्या नैराश्यावर तुम्हाला काम करायचंय. शोधाच्या चौकटीत चार शब्द टाकले की हजारो लेख येतात आणि वाटतं, झालं. पण कुणी 'हार्ट अटॅक' लिहितं, कुणी 'मायोकार्डियल इन्फार्क्शन', कुणी नुसतं 'एमआय'. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या डेटाबेसमागे 'मेश' ही विषयशीर्षकांची यादी आहे, १९६० पासून चालत आलेली. लेखकानं कुठलाही शब्द वापरलेला असो, नोंद एकाच शीर्षकाखाली होते. मात्र अगदी ताज्या लेखांना अजून शीर्षक लागलेलं नसतं, म्हणून शीर्षक आणि सुटे शब्द दोन्ही घ्यावे लागतात. आम्ही तुमच्याबरोबर बसून कागदावर रकाने पाडतो: एका रकान्यात आजाराचे सगळे शब्द, दुसऱ्यात नैराश्याचे. रकान्याच्या आत 'ऑर' (यातला कुठलाही शब्द चालेल), दोन रकान्यांमध्ये 'अँड' (दोन्हीकडचा एकेक हवाच). मग परीक्षा. तुम्हाला आधीपासून माहीत असलेले दोन-तीन उत्तम लेख या शोधात सापडतात का? एखादा निसटला, तर तो उघडून त्यात कुठला शब्द वापरलाय ते बघायचं आणि रकान्यात भर घालायची. मला या कामातला हा भाग सगळ्यात आवडतो, कारण तुमचा विषय तुम्हाला ठाऊक असतो, शब्दांच्या खाचाखोचा मला, आणि दोघं मिळून जे हाती लागतं ते एकट्याला लागलं नसतं.

पद्धतशीर आढावा, म्हणजे एका प्रश्नावरचं सगळं संशोधन ठरलेल्या रीतीनं शोधून तपासणारा लेख, लिहिणार असाल तर हे पहिल्याच दिवशी व्हायला हवं. अशा आढाव्यात काय काय नोंदवायचं ते सांगणाऱ्या 'प्रिझ्मा' या नियमावलीच्या २०२० च्या आवृत्तीनुसार प्रत्येक डेटाबेसमध्ये केलेला शोध जसाच्या तसा द्यावा लागतो, आणि शेवटचा शोध कोणत्या तारखेला घेतला तेही. सहा महिन्यांनी हे आठवून लिहिता येत नाही. नोंद ठेवली नसेल तर सगळा शोध पुन्हा.

शिकवण्याचंही तसंच. वाचनसूची वर्गात वाटून झाल्यावर कळतं की नेमलेल्या ई-पुस्तकाचा परवाना एका वेळी एकाच वाचकाचा आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री सगळा वर्ग ते उघडायला जातो; पहिल्याला मिळतं, बाकीच्यांना नाही. काही पाठ्यपुस्तकांची ई-आवृत्ती तर प्रकाशक ग्रंथालयांना विकतच नाहीत. सूची आमच्याकडे सत्राच्या आधी आली तर जास्त वाचकांचा परवाना घेता येतो का ते बघता येतं, कॉपीराइटच्या मर्यादेत एखादं प्रकरण उपलब्ध करून देता येतं, नाहीतर त्याच तोडीचं मुक्त पाठ्यपुस्तक सुचवता येतं. विद्यार्थ्यांना दिलेल्या लिंकही एकदा दाखवा. ब्राउझरच्या पट्टीतून उचललेली लिंक बरेचदा तुमच्या लॉगिनपुरतीच चालते. विद्यार्थ्यानं घरून उघडली की लेख विकत घ्या म्हणते. लेखाचा डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) ग्रंथालयाच्या प्रॉक्सीमागे, म्हणजे घरूनही लॉगिन करून आत नेणाऱ्या पत्त्यामागे, जोडून दिला की हा घोळ होत नाही. गरीब विद्यार्थी अशा ठिकाणी तक्रार करत नाही, तो मुकाट्यानं वाचन सोडून देतो. म्हणून मी या लिंकांचा इतका पिच्छा पुरवते.

आणि आम्हाला वर्गात बोलवाच, पण सत्राच्या पहिल्या दिवशी 'ग्रंथालयाची ओळख' म्हणून नको. त्या दिवशी कुणाला काहीच शोधायचं नसतं. प्रकल्पाचे विषय वाटाल त्या आठवड्यात बोलवा.

लेख मिळत नाही म्हणून पदरचे पैसे भरून तो विकत घेणारे प्राध्यापक भेटतात तेव्हा जीव तुटतो. आमच्याकडे त्या नियतकालिकाची वर्गणी नसेल, पण दुसऱ्या ग्रंथालयातून आंतरग्रंथालयीन देवघेवीनं लेख मागवता येतो. कधी एका दिवसात येतो, कधी आठवडा लागतो. पुष्कळदा लेखकानंच त्याची प्रत कायदेशीरपणे खुली ठेवलेली असते. अनपेवॉल हे ब्राउझरला जोडायचं साधन ती दाखवतं.

आता प्रकाशनाचं. नियतकालिक खरं की भामटं, हे पैसे भरल्यावर विचारून उपयोग नाही. लेख पाठवण्याआधी विचारा. संपादक मंडळ, शुल्क, डीओएजे या मुक्त नियतकालिकांच्या सूचीतली नोंद हे सगळं आम्ही तपासून देतो. पण ज्या एका गोष्टीसाठी मी अक्षरशः विनवते ती वेगळी आहे: स्वीकृत हस्तलिखित जपून ठेवा. म्हणजे परीक्षकांच्या सूचनांनुसार दुरुस्त केलेली, संपादकानं मान्य केलेली, पण प्रकाशकानं अजून न सजवलेली तुमची वर्ड फाइल. अनेक प्रकाशक नेमकी हीच प्रत विद्यापीठाच्या भांडारात, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या ऑनलाइन संग्रहात, ठेवू देतात, काही ठरावीक मुदतीनंतर. छापील पानांची पीडीएफ सहसा ठेवू देत नाहीत. आम्ही वर्षभरानं फाइल मागतो तेव्हा पीडीएफ तेवढी उरलेली असते. हस्तलिखित सहलेखकाच्या जुन्या लॅपटॉपवर, 'फायनल', 'फायनल नवीन' अशा नावांच्या गर्दीत कुठेतरी. मग वर्गणी न परवडणाऱ्या वाचकाला तुमचं संशोधन वाचताच येत नाही. स्वीकृतीची ईमेल आली की त्याच दिवशी ती फाइल आम्हाला पाठवा. मुदतीचा हिशेब आम्ही ठेवू.

जुने संदर्भ पुढच्या लेखात तसेच उचलण्याआधीही एकदा तपासून घ्या. लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा १९९८ चा लेख 'द लॅन्सेट'नं २०१० साली मागे घेतला, पण त्यानंतरही त्याचे दाखले दिले जात राहिले. संदर्भ सांभाळणारं झोटेरोसारखं साधन वापरत असाल तर मागे घेतलेल्या लेखावर ते इशारा दाखवतं. ते बसवून द्यायला अर्धा तास पुरतो.

येताना काय आणायचं, हेही विचारता. नेटका प्रस्ताव नको. अर्धवट सुचलेला प्रश्न आणि तुम्हाला पटलेले दोन लेख पुरेत. त्यांच्या संदर्भसूचीतून मागे जाता येतं, आणि त्यांचे दाखले पुढे कुणी दिले यावरून पुढे. कुणी कुणाचा दाखला दिला याची सूची असलेला सायन्स सायटेशन इंडेक्स १९६४ साली निघाला तो याच दुसऱ्या वाटेसाठी, आणि आज ती वाट संगणकावर काही क्षणांत उघडते. प्रश्न नीट शब्दांत मांडता येत नसेल तर तसाच सांगा. तो बोलता बोलता बदलतो, आणि त्यासाठी मी कॅलेंडरमध्ये पूर्ण तास राखून ठेवते.