ऐंशी नॅनोमीटरवरून घेतलेली झेप

जुलैतल्या त्या दिवशी मुंबईत सकाळपासून पाऊस कोसळत होता आणि लोकल रखडल्यामुळे प्रयोगशाळेत मी आणि आमच्या मॅडम अशा दोघीच पोहोचलो होतो. सिलेन या सिलिकॉनयुक्त रसायनाचा थर चढवून जलविरोधी केलेली काचपट्टी आणि एएफएमच्या, म्हणजे अतिसूक्ष्म बले मोजणाऱ्या अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या, लवचीक पट्टीला चिकटवलेला, २० मायक्रोमीटर व्यासाचा तसाच काचेचा गोल पाण्यात एकमेकांजवळ आणून त्यांच्यातील आकर्षण मला मोजायचे होते. अशा काचेवर थेंब पसरत नाही, पण अळवावरच्या पाण्यासारखा गरगरतही नाही.

पहिल्याच आलेखात गोलाने ८० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) अंतरावरून काचपट्टीकडे एकदम झेप घेतली. १९८२ मध्ये इस्राएलअशविली आणि पॅशली या शास्त्रज्ञांनी जलविरोधी अभ्रकाच्या पृष्ठभागांमध्ये मोजलेले आकर्षण सुमारे १० नॅनोमीटरच्या आतले होते, त्यामुळे आपल्या हाती काहीतरी मोठे लागले आहे असे वाटून माझे हात थरथरू लागले.

मॅडम मात्र आलेखाकडे बराच वेळ पाहत राहिल्या. झेपेपूर्वीची रेषा अगदी सपाट होती आणि मग एकदम उभा कडा. जवळ येताना हळूहळू वाढत जाणाऱ्या बलाचा तिथे मागमूसही नव्हता. “काचपट्टी धुताना काय वापरलंस गं?” त्यांनी विचारले. मी म्हणाले, “आधी इथेनॉल, आणि मग त्याच्या जागी पाणी.”

दोष तिथेच होता. हवा पाण्यापेक्षा इथेनॉलमध्ये कितीतरी जास्त विरघळते. त्यामुळे इथेनॉल हटवून पाणी सोडले की जास्तीची हवा बाहेर पडते आणि जलविरोधी पृष्ठभागावर वीस-तीस-चाळीस नॅनोमीटर उंचीचे बुडबुडे होऊन चिकटते. समोरासमोरचे बुडबुडे जुळले की हवेचा पूल तयार होतो आणि पाण्याचा पृष्ठताण दोन्ही पृष्ठभाग एकमेकांकडे खेचतो. असल्या कड्यांचे मूळ बुडबुड्यांत असावे, हे पार्कर, क्लेसन आणि अटार्ड या संशोधकांनी १९९४ मध्येच सुचवले होते आणि मी ते वाचलेही होते.

नवी काचपट्टी आणि नवा गोल घेतला, इथेनॉल टाळले, निर्वात पंपाने पाण्यातली हवा दोन तास काढली. आता झेप ११ नॅनोमीटरवर आली. मुद्दाम इथेनॉल फिरवले, तेव्हा ८० ची झेप परतली. नुसत्या व्हॅन डर वाल्स बलाच्या, म्हणजे कोणत्याही दोन पदार्थांच्या रेणूंमधल्या क्षीण आकर्षणाच्या, हिशेबाने गोलाने सहा-सात नॅनोमीटरवर झेपावायला हवे होते. उरलेले चार-पाच नॅनोमीटर कशाचे, याच्या मापनाला आम्ही त्याच संध्याकाळी बसलो.