बॉम्बर ताफ्याची शिस्त

शनिवारी रात्री कोथरूड, हडपसर आणि चिंचवडमधील आम्ही काही मित्र संगणकावरील हवाई युद्धाच्या खेळात बी-१७ या दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी बॉम्बर विमानांचा ताफा बांधतो. या विमानांनी एकमेकांजवळ राहणे अत्यावश्यक असते, कारण तोफचींच्या माऱ्याची क्षेत्रे तेव्हाच एकमेकांना पूरक ठरतात. तरीही १४ ऑक्टोबर १९४३ रोजी जर्मनीतील श्वाइनफुर्ट शहरावरील हल्ल्यात, लक्ष्यापर्यंत सोबत करू शकणाऱ्या लढाऊ विमानांअभावी, ६० बी-१७ विमाने नष्ट झाली. बॉम्बफेकीपूर्वीची मिनिटे सर्वांत कठीण असतात: वेग, उंची आणि दिशा स्थिर ठेवल्याशिवाय नेम जुळत नाही, आणि विमानभेदी तोफांनाही नेमके तेच हवे असते. उतावळ्या वैमानिकांना (आमच्यात तेच बहुसंख्य आहेत) ही शिस्त जाचक वाटते. माझ्या मते खरी कसोटी आघाडीच्या वैमानिकाची असते, कारण त्याने इंजिनांची पूर्ण शक्ती लावली, तर मागे पडलेल्यांना त्याला गाठताच येत नाही.