अर्धं पान, पूर्ण पान आणि मधलं मिडलवेअर

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या एका मराठी वाचनालयाची ऑनलाइन पुस्तकसूची मी सांभाळते. सर्व्हरवर एक्सप्रेस (जावास्क्रिप्टमध्ये वेबसाइट चालवायचं फ्रेमवर्क), पानांच्या साच्यांना, म्हणजे टेम्पलेटला, हँडलबार्स. लेखकाचं नाव शोधलं की मेन्यू, तळटीप, सगळं पान नव्यानं यायचं. बदलायची असायची फक्त यादी. सयाजीरावांच्या काळी बडोदा संस्थानातून गावोगावी पुस्तकांच्या पेट्या जात, इमारत कोणी पाठवत नसे! मलाही पेटीच पाठवायची होती. एवढ्यासाठी ब्राउझरमध्येच पान रचणारं रिअ‍ॅक्ट आणायची इच्छा नव्हती, म्हणून एचटीएमएक्स घेतलं; ही छोटी लायब्ररी सर्व्हरकडून एचटीएमएलचा तुकडा मागवून पानात बसवते.

यादीचं टेम्पलेट वेगळं काढून त्याचं पार्शल, म्हणजे दुसऱ्या टेम्पलेटमध्ये घालता येणारा तुकडा, केलं. पूर्ण पानही तेच पार्शल आत ओढतं, त्यामुळे एचटीएमएल एकाच जागी राहतं. आता काय पाठवायचं हे ठरवायला एचटीएमएक्स विनंतीला चिठ्ठीसारखं जोडतं ते 'एचएक्स-रिक्वेस्ट' हेडर होतंच, पण प्रत्येक राऊटमध्ये (एकेका पत्त्याला उत्तर देणाऱ्या कोडमध्ये) तोच इफ लिहिणं मला पटेना. मग मिडलवेअर लिहिलं, म्हणजे विनंती राऊटपर्यंत पोचण्याआधी मध्ये चालणारं फंक्शन. ते रिस्पॉन्सवर एक नवं फंक्शन टांगतं: त्याला पूर्ण पानाचं नाव, तुकड्याचं नाव आणि डेटा द्यायचा. हेडर असेल तर लेआउट (मेन्यू-तळटीपेची चौकट) 'फॉल्स' करून तुकडा जातो, नाहीतर अख्खं पान. एक्सप्रेसच्या मूळच्या रेंडरला (पान तयार करून पाठवणाऱ्या फंक्शनला) हात लावला नाही; एरर पान त्यावर चालतं. एक्सप्रेस सगळं लिहिलेल्या क्रमानं चालवतं, म्हणून हे राऊटच्या वर हवं, आणि शेवटी पुढच्याला पाळी देणारा नेक्स्ट हवाच, नाहीतर ब्राउझर नुसता फिरत बसतो.

इथवर सोपं. मग वाचनालयातल्या काकूंचा फोन आला: "अगं, दुसऱ्या साइटवरून बॅक केलं तर नुसती यादीच दिसते, वरचं सगळं गेलं कुठे?"

पत्ता एक, उत्तरं दोन. ब्राउझरनं कॅशमध्ये (पुन्हा वापरायच्या साठ्यात) तुकडा ठेवला आणि पान म्हणून तोच दाखवला. उपाय एका ओळीचा: मिडलवेअरमधून 'व्हेरी: एचएक्स-रिक्वेस्ट' पाठवायचं, म्हणजे कॅश दोन्ही उत्तरं वेगळी धरते. हे हेडर दोन्ही उत्तरांवर लागतं, फक्त तुकड्यावर नाही.

तरी एक फट उरते. माझ्याकडचं एचटीएमएक्स स्वतः शेवटची 10 पानं जपून ठेवतं; त्यामागचं हवं असेल तर सर्व्हरला विचारतं. त्या विनंतीवरही एचएक्स-रिक्वेस्ट असतं, पण अपेक्षा पूर्ण पानाची. म्हणून 'एचएक्स-हिस्टरी-रिस्टोर-रिक्वेस्ट' दिसलं की पूर्ण पान. 'एचएक्स-बूस्टेड'लाही तेच; साध्या लिंकवरचा क्लिक एचटीएमएक्सनं स्वतःकडे घेतला की हे हेडर येतं. ही अट एकाच फंक्शनमध्ये होती म्हणून बरं, नाहीतर राऊटराऊटमध्ये शोधत फिरावं लागलं असतं.

सभासद क्रमांक चुकला तर खरं म्हणजे 422 (दिलेली माहिती चुकीची, असं सांगणारा स्टेटस कोड) पाठवायला हवा. पण 4 किंवा 5 ने सुरू होणारं उत्तर माझ्याकडचं एचटीएमएक्स, वेगळं सांगितल्याशिवाय, पानात टाकतच नाही. मी चुकीच्या निरोपाचा तुकडा सरळ 200 नं, म्हणजे 'सगळं ठीक' म्हणून, पाठवते. शुद्धतावादी नाकं मुरडतील, मुरडोत.