तुम्ही विचारलंत म्हणून: ही रेकॉर्डिंगच्या सामानाची पेटी कुठे मिळाली?

नाही, पार्लरचं सामान नाही. एसटीत मांडीवर अ‍ॅल्युमिनियमची पेटी घेऊन बसलेली बाई दिसली की शेजारणीला आधी तेच वाटतं. एका कंडक्टरला त्यात लशी वाटल्या होत्या. वेल्ह्याच्या वाटेवर एका आजोबांनी तर पाय वर घेत विचारलं, "आत जनावर नाही ना?" मग पेटी उघडावी लागते. आत फोममध्ये कोरलेल्या खाचा आणि प्रत्येक खाचेत एकेक वस्तू चपखल बसलेली दिसली की पुढचे प्रश्न ठरलेले: कुठे घेतलीत? ऑनलाइन मिळते का? केवढ्याला?

घेतलेली नाही. ही माझ्या दादाची शाळेची पेटी. दप्तराऐवजी अशा पेट्या नेणारी एक पिढी होती. पावसात वह्या कोरड्या राहायच्या आणि मधल्या सुट्टीत बसायला स्टूल व्हायचं. झाकणाच्या आत ऑइलपेंटने लिहिलेलं "इ. 4 थी ब" अजून शाबूत आहे. माप साधारण 14 बाय 10 इंच, खोली 4 इंच. मी गावोगाव जाऊन माणसांची बोली रेकॉर्ड करते. त्यामुळे आत तळहाताएवढा रेकॉर्डर, बोराएवढे दोन बिनतारी माईक, त्यांचा रिसीव्हर, पॉवर बँक, मेमरी कार्डांची डबी, कार्ड रीडर आणि सेल असतात. हेडफोन मात्र गळ्यात. तो पेटीत घातला तर बाकी सगळ्यांनी उभं राहून प्रवास करायचा.

पहिला प्रयत्न फसला होता, तोही सांगते. घरात जुन्या सोफ्याची उशी होती, ती फाडून आतला फोम पेटीत भरला. फुकटात झालं म्हणून खूश होते. तिसऱ्या पावसाळ्यानंतर पेटी उघडली तर फोम पिवळा पडून लाडवाच्या चुऱ्यासारखा झालेला, आणि तो चुरा रेकॉर्डरच्या आवाजाच्या खटक्यात जाऊन बसलेला. सोफ्यातला फोम पॉलियुरेथेनचा असतो. उजेड आणि दमट हवा त्याला हळूहळू खातात, वर तो स्पंजासारखा ओल धरून ठेवतो. पुढे दोन महिने टूथब्रशने खटका साफ करत होते.

दुसऱ्या वेळी थर्माकोल आणला. तो पत्र्याला चिकटवायला रबराचा सोल्युशन गम लावला, तर थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळून त्यात खड्डे पडले. त्या गमातलं द्रावक थर्माकोलला खातं, हे नंतर कळलं. थर्माकोलवर माझा तसाही राग आहे. तो कुरकुरतो, आणि ज्या वस्तूचं कामच आवाज टिपण्याचं तिच्याभोवती कुरकुरणारी वस्तू कशाला?

आता आहे तो ईपीई, म्हणजे फुगवलेल्या पॉलिथिनचा फोम. टीव्ही-फ्रीजच्या खोक्यात येतो ना, पांढरा, हाताला मेणचट लागणारा, तोच. पॅकिंगच्या सामानाच्या दुकानात शीटवर मिळतो. पाणी पीत नाही, चुरा होत नाही, कटरने स्वच्छ कापला जातो. फक्त फार टणक घेऊ नका. गादीच्या दुकानात मला सांगितलं होतं, "ताई, 40 डेन्सिटीचा घ्या, अजिबात दबणार नाही." 40 डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरचं वजन 40 किलो. गादीला ते ठीक, कारण वर माणूस झोपतो. माझा माईक सुपारीपेक्षा फार जड नाही. तो टणक फोमवर पडला काय आणि पाटावर पडला काय, सारखंच.

यामागचा हिशोब सोपा आहे. वस्तू जितक्या उंचीवरून पडते, त्या उंचीला वस्तूला थांबायला मिळालेल्या अंतराने भागायचं; सरासरी दणका गुरुत्वाकर्षणाच्या साधारण किती पट, ते येतं. एसटीच्या सीटवरून, म्हणजे 50 सेंटिमीटरवरून पडलेली वस्तू 1 मिलिमीटरमध्ये थांबली तर 500 पट. फोम 1 सेंटिमीटर दबला तर 50 पट. सगळा खेळ त्या एका सेंटिमीटरचा. म्हणून दुकानात शीट अंगठ्याने दाबून बघते. खड्डा पडला पाहिजे आणि लगेच भरून आला पाहिजे.

थर तीन. तळाला 20 मिमीची सलग शीट. तिच्यावर 50 मिमीचा खाचांचा थर, आणि या खाचा आरपार कापायच्या. अर्ध्या खोलीपर्यंत कोरत बसलात तर तळ कधीच सपाट येत नाही. एखादी वस्तू कमी उंचीची असेल तर खाचेतून निघालेल्या तुकड्याचीच चकती कापून परत तळाशी टाकायची. पुरणाच्या पोळीला पुरण घरचंच. झाकणात मात्र लाटालाटांचा मऊ फोम आहे, पॉलियुरेथेनचाच. वरून हलका दाब द्यायला त्याच्याइतकं चांगलं काही मला सापडलं नाही. त्याला सुती कापडाचा अभ्रा शिवलाय आणि दर दोन वर्षांनी तो फोम बदलते.

खाचांची आखणी हे खरं काम. पेटीच्या मापाचा कागद घेऊन वस्तू त्यावर मांडा, आणि घाई करू नका. माझा कागद आठवडाभर जेवणाच्या टेबलावर होता. जाता-येता एकेक वस्तू सरकवत होते, आणि घरचे ताट मांडीवर घेऊन जेवत होते. पॉवर बँक सगळ्यांत जड, ती कडीच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे पेटी हातात धरली की ती खाली येते. दोन खाचांमध्ये आणि कडेला निदान दोन बोटं फोम राहू द्या, नाहीतर भिंती लवकर फाटतात.

मग पेन्सिलीने वस्तूची कड गिरवायची. इथे मी चांगलीच फसले. पेन्सिल साधारण 7 मिमी जाडीची. ती उभी धरून वस्तूला टेकवली की टोक वस्तूपासून साडेतीन मिमी लांब राहतं. दोन्ही बाजूंचं मिळून खाच पूर्ण 7 मिमी मोठी. माझा पहिला रेकॉर्डर त्या खाचेत खुळखुळ्यासारखा वाजत होता. आता मी बॉलपेनची नुसती रिफिल वापरते आणि रेषेच्या दोन मिमी आतून कापते. फोमने वस्तूला थोडं आवळून धरायला हवं. पण मग ती निघायची कशी? म्हणून प्रत्येक खाचेच्या दोन बाजूंना बोट जाईल एवढे अर्धगोल घ्या. ते विसरलात तर मेमरी कार्डाची डबी काढायला पेटी उलटी करून थोपटावी लागेल, आणि मग खाचांना काय अर्थ राहिला?

कटरला नवं पातं लावा आणि ते पूर्ण बाहेर काढा. एका दमात कापायचं नाही, त्याच रेषेवरून तीन-चारदा हलक्या हाताने फिरवायचं. पातं तिरकं गेलं की खाच वर मोठी आणि खाली अरुंद होते. जुनं पातं फोम कापत नाही, ओरबाडतं.

चिकटवायला पांढरा फेव्हिकॉल नको. पत्रा आणि ईपीई दोघंही पाणी शोषत नाहीत, मग मधला गम वाळणार कसा? सोल्युशन गमच घ्या, इथे थर्माकोल नाही. दोन्ही बाजूंना पातळ लावा, हाताला चिकटेनासा होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि मग एकदाच नेमकं बसवा. पुन्हा सरकवायची सोय नाही. खिडकी उघडी ठेवा. नंतर पेटी दोन-तीन दिवस उघडीच राहू दे, वास पूर्ण गेल्याशिवाय आत काही ठेवू नका.

एका कोपऱ्यात सिलिका जेलची पुडी असते. निळे दाणे गुलाबी झाले की ती बदलते. कोकणात चार दिवसांत होतात. आणि पॉवर बँक पेटीत ठेवून चार्जिंगला कधीच लावू नका. फोम उष्णता बाहेर जाऊ देत नाही. विमानाने जाताना तर पॉवर बँक सामानात द्यायचीच नसते, हातातच ठेवावी लागते. त्यामुळे पेटीही माझ्याजवळच असते आणि तपासणीच्या रांगेत "इ. 4 थी ब" सगळ्यांना दिसतं.

खर्च? फोम, गम, पाती मिळून 400 रुपयांच्या आत. तरी मला कुणी बिनखाचांची तयार पेटी दिली तर मी घेणार नाही, आणि त्याचं कारण दणके हे नाही. दणके तर जाड टॉवेलानेही सोसले असते. विमानांची दुरुस्ती करणारे लोक हत्यारं अशाच कोरलेल्या खाचांमध्ये ठेवतात. काम संपल्यावर एक जरी खाच रिकामी दिसली तरी पाना इंजिनात राहिलाय का ते शोधतात. टॉवेलात गुंडाळलेल्या आठ वस्तूंतली एक गेली तर टॉवेल काही सांगत नाही.

भोरजवळच्या एका वाडीत दोन तास रेकॉर्डिंग झालं होतं. आजी भात लावणीची गाणी सांगत होत्या, सून चहाचा आग्रह करत होती आणि शेवटची एसटी पावणेसहाची. बोलता बोलता मी सगळं भरलं आणि झाकण लावणार तेवढ्यात आजींनी हात आडवा घातला. वाकून आत बघितलं आणि म्हणाल्या, "बये, ह्या भोकातलं पिल्लू कुठं गेलं गं?"

पिल्लू त्यांच्याच पदराला होतं, अजून चालू. त्यामुळे ते वाक्यही माझ्याकडे रेकॉर्ड झालेलं आहे.