एमटीबीची (माउंटन बाइकची) चाकं ट्यूबलेस करायची तर आधी टेप

ट्यूबलेस केलेल्या, म्हणजे ट्यूब काढून टायरमध्येच हवा धरणाऱ्या चाकातली हवा रात्रीतून गेली की बहुतेक लोक सीलंटला, म्हणजे टायरमध्ये ओतायच्या पांढऱ्या द्रवाला, दोष देतात. आणखी 50 मिली ओततात, दुसऱ्या कंपनीची बाटली आणतात, चाक तासभर गरागरा फिरवतात. खरं तर हवा बहुतेक वेळा रिमच्या आत चिकटवलेल्या टेपखालून गेलेली असते. काट्याने पाडलेलं भोक बुजवणं हे सीलंटचं काम. वाकडी लावलेली टेप सांभाळणं हे त्याचं काम नाही, आणि ते त्याला जमतही नाही.

टेप लागतेच कशाला? रिमच्या तळाला स्पोकची 28 किंवा 32 भोकं असतात, वर व्हॉल्व्हचं एक. 1999 मध्ये मॅव्हिक या रिम कंपनीने हचिन्सन आणि मिशेलिन या टायर कंपन्यांबरोबर यूएसटी ही ट्यूबलेस पद्धत आणली, तिच्यात रिमचा तळच बिनभोकाचा होता, त्यामुळे टेपचा प्रश्नच नव्हता. पण तशी रिम बनवायला महाग आणि टायर जड. आज आपण वापरतो त्या ट्यूबलेस रेडी रिमला साधी भोकं असतात आणि ती सगळी एका पातळ पट्टीच्या भरवशावर बंद करायची असतात. 33 पैकी एका भोकावर टेप सुटली तरी चाक बसतं.

दख्खनच्या माळरानावर एमटीबी चालवणाऱ्याला ट्यूबलेस का, हे फार समजावावं लागत नाही. सराट्याचं फळ वाळून फुटलं की त्याचे तुकडे कसेही पडले तरी एक काटा वर तोंड करून उभा राहतो. त्यात बाभूळ आणि वेडी बाभूळ. सराट्याने पडणारं बारीक भोक म्हणजे सीलंटसाठी अगदी बेताचं काम, थेंबभर पांढरं बाहेर येतं आणि थांबतं. दुसरा फायदा कमी हवेचा. ट्यूब असताना 22 पीएसआयवर दगडावर आपटलात तर रिम आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबच नसेल तर चिमटायला काही नाही. वजनाचं कौतुक मात्र जरा जास्तच होतं. 29 इंची ट्यूब साधारण 200 ग्रॅमची असते. ती काढून 100 ते 120 मिली सीलंट, टेप आणि व्हॉल्व्ह घातलं की प्रत्येक चाकामागे 70-80 ग्रॅम वाचतात, बस.

रिम आणि टायर दोन्हींवर ट्यूबलेस रेडीची खूण हवी. मॅक्सिस टायरवर टीआर, श्वाल्बेवर टीएलई, डब्ल्यूटीबीवर टीसीएस असं लिहितं. अशा रिमला मधोमध खोल नाळ असते आणि दोन्ही बाजूंना बीड, म्हणजे टायरची रिममध्ये अडकणारी कड, बसायला सपाट कट्टा असतो. साध्या रिमला हा कट्टा नसतो, त्यामुळे वळणावर जोर आला की बीड आत सरकते आणि भसकन हवा जाते. साध्या टायरची गोष्ट आणखी वाईट. त्याची बीड ताणली जाते आणि टायरच्या बाजूच्या भिंतीतून हवा झिरपते. भिंतीवर सीलंटचे शंभर ठिपके उमटलेले पाहून लोक खूश होतात, पण ते चांगलं लक्षण नव्हे. सिंगल वॉल, म्हणजे आत पोकळी नसलेली एकेरी रिम असेल तर पैसे वाया घालवू नका. स्वस्त सायकलींच्या रिमला व्हॉल्व्हचं भोक 8.5 मिमीचं, म्हणजे मोटारसायकलसारख्या श्रेडर व्हॉल्व्हचं असतं. तिथे 6.5 मिमीच्या भोकासाठी बनवलेला प्रेस्टा, म्हणजे बारीक ट्यूबलेस व्हॉल्व्ह ढिला बसतो. श्रेडर आकाराचा ट्यूबलेस व्हॉल्व्ह घ्या.

चाकाला आउट असेल, म्हणजे ते वाकडं फिरत असेल, तर तो टेपच्या आधी काढून घ्या. नंतर एखादं निपल (स्पोक रिमला आवळणारा छोटा नट) बदलायची वेळ आली तर सगळी टेप फाडावी लागते.

आता टेप. तिची रुंदी रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा 2 ते 4 मिमी जास्त हवी, कारण नाळेत उतरताना थोडी रुंदी खर्ची पडते. आतून 25 मिमीची रिम असेल तर 28 च्या आसपासची टेप. अरुंद घेतली तर बीड कडेला बसताना टेपची कडा उचलते आणि हवा तिथून शिरते. फार रुंद घेतली तर ती रिमच्या भिंतीवर चढते, बीडखाली दुमडते. लांबीचा हिशोब सोपा आहे. 29 इंची रिमचा बीड बसतो तिथला व्यास 622 मिमी, म्हणजे एक वेढा जवळजवळ 2 मीटरचा. दोन वेढे आणि वरचा जोड धरून चाकाला सव्वाचार मीटर, 10 मीटरच्या एका गुंडाळीत दोन्ही चाकं होतात. विजेच्या कामाची काळी टेप चालत नाही. ती ताणली की आखडत राहते आणि उन्हात तिचा डिंक पाघळतो.

रिमवरची जुनी रबरी किंवा प्लॅस्टिकची पट्टी काढा. स्पोकच्या भोकांच्या कडांवरून बोट फिरवा, धार लागली तर बारीक पॉलिश पेपरने घासा. रिमचा सांधा बहुधा व्हॉल्व्हच्या बरोबर समोर असतो, तिथे पायरी लागत असेल तर तीही घासून टाका. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन पूर्ण रिम पुसा, सुकू द्या, आणि त्यानंतर आत बोट लावू नका. बोटाचं तेल टेपला धरू देत नाही.

व्हॉल्व्हच्या भोकाच्या 10-15 सेंमी अलीकडे सुरुवात करा. टेप चांगली ओढून धरा, इतकी की ती किंचित ताणली जाते आणि आपोआप नाळेत बसते. एका हाताने ओढायचं, दुसऱ्या अंगठ्याने मधून कडेकडे दाबत जायचं. एकदम अर्धा फूट चिकटवू नका, चार बोटं चिकटवा, दाबा, पुढे सरका. दोन वेढे द्या आणि भोकाच्या 10-15 सेंमी पलीकडे संपवा, म्हणजे भोकावर आपोआप तिसरा थर येतो. सगळ्यात जास्त गळती तिथेच होते. फुगा राहिला तर दाबून कडेला ढकला. सुरकुती पडली तर मात्र तेवढी टेप सोडवून पुन्हा लावा. सुरकुती म्हणजे टेपखाली नळीच, हवा तिच्यातून सरळ स्पोकच्या भोकापर्यंत पोचते.

भोक पाडताना ब्लेडने फुली मारायची सवय सोडून द्या. फुलीचे कोपरे पुढे चिरत जातात. दाभणाचं टोक गॅसवर तापवून बाहेरून आत, भोकाच्या मधोमध टोचा. टेप वितळते, कड गोल राहते. भोक व्हॉल्व्हपेक्षा लहानच ठेवा आणि व्हॉल्व्ह जोर लावून घाला. त्याच्या तळाचं रबर रिमच्या आकाराशी जुळायला हवं, गोल नाळेला शंकूसारखं आणि सपाट तळाला चौकोनी. बाहेरचा नट हातानेच आवळा. पक्कड लावली तर रबर पिळवटतं, शिवाय जंगलात ट्यूब टाकायची वेळ आली की तो नट बोटांनी सुटत नाही.

यानंतरची पायरी बहुतेक लोक गाळतात आणि तिथेच फसतात. नव्या टेपवर लगेच सीलंट ओतू नका. व्हॉल्व्ह काढून ठेवा, टायरमध्ये साधी ट्यूब घालून 30-35 पीएसआय हवा भरा आणि रात्रभर ठेवा. ट्यूब टेपला सगळीकडून सारखी दाबते, फुगे मरतात, आणि टायरच्या दोन्ही बीड कट्ट्यावर बसतात. घडी घालून आलेला नवा टायर आधी दुपारच्या उन्हात तासभर उघडा टाकला तर आणखी बरं. सकाळी एकच बाजू सोडवा, ट्यूब काढा, व्हॉल्व्ह बसवा. दुसरी बाजू बसलेलीच राहते, म्हणजे पंपाचं काम निम्मं झालं.

टायर चढवताना व्हॉल्व्हच्या समोरून सुरू करा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा. व्हॉल्व्हचं रबर नाळेत जागा अडवतं, तिथे बीड खाली उतरत नाही. बाकी सगळीकडे ती नाळेत ढकललेली असेल तरच शेवटच्या वितीला ढील मिळते. लोखंडी पाना घालून उचकटू नका, टेपला चरा पडतो आणि तो दिसत नाही.

बीडला साबणाचं पाणी लावा. व्हॉल्व्हची पिन, म्हणजे कोअर, काढून टाका, भोक मोठं झालं की हवा एकदम आत शिरते. जमिनीवरच्या पंपाने न थांबता जोरात मारा. आधी भिंती फुगतील, मग टक, मग दुसरीकडे टक असा आवाज येईल. तो आवाज नाही आला तरी रिमजवळची टायरवरची बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर दिसतेय का ते पाहा. कुठे ती आत गेलेली असेल तर हवा सोडून तिथे पुन्हा साबण लावा. टायरवर आणि रिमवर कमाल दाब लिहिलेला असतो, दोन्हींत कमी असेल तोच आपला. त्याच्यावर जाऊन बीड बसवायचा हट्ट करू नका. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची टाकी ट्रकसाठी भरलेली असते. तिथे हवा घेताना एकेक सेकंद दाबा, गेज बघा, तोंड चाकावर आणू नका. कोल्ड्रिंकच्या बाटलीची घरगुती टाकी करण्याचे व्हिडिओ दिसतात. तसली टाकी फुटते, नादी लागू नका.

बीड कोरडीच, सीलंटशिवाय बसली आणि काही मिनिटं हवा धरली, तर टेप चांगली लागली असं समजा. मगच सीलंट. 29 इंची, 2.3 इंच रुंद टायरला 100 ते 120 मिली, 27.5 ला 90 ते 100, जुन्या 26 ला 80. बाटली आधी खळखळून हलवा, भोकं बुजवणारे कण तळाशी बसलेले असतात. औषधाच्या दुकानातली 60 मिलीची सिरिंज आणि नळीचा तुकडा पुरे. हवा सोडून व्हॉल्व्ह घड्याळाच्या चार किंवा आठच्या जागी आणा, दोन वेळा भरून आत सोडा, पिन लावा, 30 पर्यंत हवा भरा. चाक आडवं हलवा, मग बादलीवर वीस मिनिटं एका बाजूने आणि वीस मिनिटं दुसऱ्या बाजूने झोपवून ठेवा, म्हणजे भिंतींना लेप बसतो. स्कूटरच्या टायरमध्ये घालतात ते हिरवं जेल इथे चालत नाही. ते कधी सुकत नाही आणि भिंतीतली बारीक छिद्रं धरत नाही. कच्च्या लॅटेक्सपासून घरी सीलंट बनवणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की लॅटेक्स टिकावं म्हणून त्यात अमोनिया घालतात, आणि तो अॅल्युमिनियम खातो.

पहिल्या दोन दिवसांत पाचेक पीएसआय हवा उतरली तर काळजी नको. त्याहून जास्त गेली तर साबणाचं पाणी फवारून फेस कुठे येतो ते पाहा. बीडपाशी फेस दिसला तर तिथे घाण अडकली आहे किंवा रिम ठेचली आहे. पिनच्या टोकाशी असेल तर पिन आवळा. पण स्पोकच्या निपलपाशी किंवा व्हॉल्व्हच्या नटाखालून येत असेल तर दोष टेपचाच. इथे एक फसगत होते. रिम आतून पोकळ आहे, एका ठिकाणी टेपखाली शिरलेली हवा भलत्याच निपलमधून बाहेर पडते. फेस आला त्या निपलपाशी चिकटपट्टीचा तुकडा लावून उपयोग नाही. सगळी टेप काढा, रिम पुसा, नव्याने लावा.

हवेचा अंदाज: 70 किलोचा स्वार आणि 2.3 चा टायर असेल तर पुढे 21-22, मागे 24-25 पीएसआयने सुरुवात करा आणि एकेक पीएसआय उतरवत जा. दगडावर रिम टण्ण वाजली की दोन वाढवा. वळणावर भसकन हवा गेली तरी तेच.

लॅटेक्स सुकतं. सोलापूर-मराठवाड्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात दीड-दोन महिन्यांतच, एरवी अडीच-तीन महिने चालतं. पिन काढून बारीक काडी आत घालून पाहा, ओली आली तर ठीक, कोरडी आली तर 60 मिली भरा. पिनही गच्च होते, गरम पाण्यात धुवा. वर्षाकाठी एक जास्तीची पिन घेऊन ठेवली तर बरं.

रस्त्यात काटा दिसला आणि हवा जात नसेल तर तो घरी येईपर्यंत तसाच राहू द्या. तोच बूच असतो. घरी तो उपटा, भोक खाली करून थांबा, सीलंट तिथे जमतं. 5-6 मिमीपेक्षा मोठं भोक असेल तर रबरी पट्टीचा प्लग लागतो. छोट्या कार्बन डायऑक्साइडच्या नळीने हवा भरायची सवय असेल तर सीलंटच्या बाटलीवर त्याला परवानगी आहे का वाचा, अतिथंड वायूने काही लॅटेक्सच्या गुठळ्या होतात.

सोबत एक ट्यूब असतेच. ती घालण्याआधी टायरच्या आत पूर्ण फेरा बोट फिरवा, तेही हळू. आठवड्यांपूर्वी सीलंटने गप्प केलेले दहा-पंधरा काटे आत टोकं काढून बसलेले असतात, आणि ट्यूब फुगली की सगळे एकदम तिच्यात घुसतात. खिशात छोटा चिमटा ठेवा. बाहेरून तुटलेला बाभळीचा काटा नखाने निघत नाही.